एक दिवसाआड

आपल्याकडे वर्षाचा हिशेब कशाकशाचा असतो ते आठवून बघा. गहू-तांदूळ वर्षाचे भरले जातात. तिखट-मसाला उन्हाळ्यात वर्षाचा करून ठेवतात. मुलांची फी वर्षाची, घरपट्टी वर्षाची, गाडीचा विमाही वर्षाचाच. दुधाचा महिन्याचा हिशेब असतो, पण कुणी विचारलं तर बाराने गुणून आकडा सांगता येतो.

औषधाचं मात्र तसं नाही. ज्या घरात दोन माणसं रोज गोळ्या घेतात, त्या घरात जाऊन "तुमचा वर्षाचा औषधांचा खर्च किती?" असं विचारा. उत्तर येईल, "काय की हो, महिन्याला दोन-अडीच हजार जात असतील." या 'असतील'मध्ये सगळी गंमत आहे. औषध आपण दुखण्यासारखंच वागवतो. आलं की सोसायचं, त्याची बेरीज काय करायची?

मी स्वतः हिशेबाच्या नोकरीत आहे. दुसऱ्यांच्या बेरजा तपासणं हे माझं पोट. त्यामुळे घरच्या औषधांचा वार्षिक अंदाज काढणं हा माझ्या लेखी एका रविवारचा, चहाच्या दोन कपांचा विषय होता. तो तसा राहिला नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी रीत सांगते, कारण ती दिसते तेवढी सोपी नाही. डॉक्टर लिहून देतात 'एक महिना'. दुकानदाराच्या लेखी महिना म्हणजे 30 गोळ्या. बारा महिने गुणिले 30 म्हणजे 360. वर्षाचे दिवस 365! पाच दिवस पहिल्याच पायरीवर गळाले. म्हणून नियम पहिला: महिन्याने गुणायचं नाही, दिवसाने गुणायचं. एका गोळीची किंमत गुणिले दिवसाच्या गोळ्या गुणिले 365.

एका गोळीची किंमत काढायची तर पट्टी उलटी करून वाचावी लागते. कुठली पट्टी 10 ची, कुठली 15 ची, कुठली 14 ची. थायरॉईडच्या गोळ्यांची अख्खी बाटली मिळते, 100 किंवा 120 ची. शंभराची असेल तर वर्षाला 3.65 बाटल्या लागतात आणि 0.65 बाटली कुणी देत नाही, म्हणजे चार धरायच्या. पट्टी कापून देणारा दुकानदार असेल तर गोष्ट वेगळी.

नियम दुसरा: आजची किंमत वर्षभर राहील असं धरायचं नाही. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत जी औषधं आहेत त्यांना कमाल किमतीचं बंधन असतं. ती कमाल किंमत दर एप्रिलमध्ये घाऊक महागाईच्या निर्देशांकानुसार हलते. 2023 च्या एप्रिलमध्ये ती सुमारे 12 टक्क्यांनी वाढली, 2024 मध्ये जवळजवळ तिथेच राहिली, 2025 मध्ये पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढली. यादीबाहेरच्या औषधांना 2013 च्या दर नियंत्रण आदेशाप्रमाणे बारा महिन्यांत 10 टक्क्यांपर्यंत वाढ करायची मुभा आहे. दरवर्षी 10 टक्के म्हणजे सात-साडेसात वर्षांत दुप्पट. साठीत सुरू झालेली गोळी पंच्याहत्तरीपर्यंत चौपट किमतीला जाऊ शकते. दर वेळी जातेच असं नाही, पण जाऊ शकते हे अंदाज बांधताना माहीत हवं.

नियम तिसरा: औषधाचा खर्च म्हणजे नुसत्या गोळ्या नव्हेत. गोळी चालू ठेवायची तर तपासणी आली, डॉक्टरांची फी आली, साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या आल्या आणि तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या गावाला जायचं-यायचं भाडंही आलं.

हे सगळं मी 2024 च्या दिवाळीनंतर माझ्या आत्यासाठी काढायला बसले.

आत्या तेव्हा 71 वर्षांची. काका सहकारी साखर कारखान्यात होते, ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. आम्ही तीन भाचरं, तिघंही पुण्या-मुंबईला. घर स्वतःचं आहे, मागे परसात शेवगा आणि कढीपत्ता आहे. काकांच्या पश्चात येणारं पेन्शन महिना 1,450 रुपये. हसू नका, कारखान्यातल्या लोकांचं पेन्शन असंच असतं. शिवाय काकांच्या फंडाचे सहा लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत ठेवलेत. त्याचं 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 12,300 रुपये व्याज येतं. म्हणजे वर्षाचे 17,400 अधिक 49,200, एकूण 66,600 रुपये. यात ती राहते, आल्यागेल्याला चहा पाजते आणि भाचीच्या मुलाच्या हातावर जाताना शंभराची नोट ठेवते.

तिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, थायरॉईड आहे. दिवाळीच्या आधीच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखर 8.2 आली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या पुरेनाशा झाल्यात, आता इन्सुलिनचा विचार करू. आत्याने धसका घेतला. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, शेवटी शेवटी इन्सुलिन होतं आणि आत्याच्या डोक्यात इन्सुलिन म्हणजे 'शेवट' असं पक्कं बसलं होतं. भावाने फोन करून मला म्हटलं, "तू हिशेबवाली. तिला वर्षाला नक्की किती लागतात ते काढ. आपण तिघं वाटून घेऊ."

मी गेले. आत्याने गोळ्यांचा डबा समोर ठेवला. पूर्वी शंकरपाळ्यांचा होता तो, स्टीलचा. एकेक पट्टी उलटी करून मी कागदावर मांडत गेले.

मेटफॉर्मिन, दिवसाला दोन, तीन रुपयांना एक: वर्षाचे 2,190.
रक्तदाबाची, दिवसाला एक, सात रुपये: 2,555.
कोलेस्टेरॉलची, दिवसाला एक, सहा रुपये: 2,190.
थायरॉईड, 170 च्या चार बाटल्या: 680.
आणि एम्पाग्लिफ्लोझिन. दिवसाला एक. एका गोळीची किंमत 60 रुपये. वर्षाचे 21,900.

इथे माझं पेन थांबलं. बाकीच्या चार औषधांची मिळून बेरीज 7,615 आणि ही एकटी 21,900. तपासण्या, फी, पट्ट्या आणि एसटीचं भाडं मिळून 6,200 झाले. एकूण 35,715. उत्पन्न 66,600. म्हणजे हातात येणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतले त्रेपन्न-चौपन्न रुपये औषधपाण्याचे.

हे शक्यच नव्हतं. मी तिचा खर्च ओळखते. वीजबिल, गॅस, दूध, किराणा, लग्नामुंजीचे आहेर. हे सगळं उरलेल्या एकतीस हजारांत भागत नाही, आणि आत्या कुणाचं देणं ठेवत नाही. आकडे जुळत नसतील तर बेरीज चुकत नाही, नोंद राहिलेली असते, हे मला नोकरीने शिकवलंय. म्हणून मी खरी खरेदी शोधायला लागले. बिलं तिने ठेवली नव्हती, पण भिंतीवर कालनिर्णय होतं.

आमच्याकडच्या बायकांचं हे खरं खातेवही. कुठल्या दिवशी दूध आलं नाही, गॅस कधी लावला, कामवालीला किती दिले, सगळं तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात. आत्या ती 60 रुपयांची गोळी आणली की 'मो. गो. 600' असं लिहायची. मोठी गोळी. आकाराने नव्हे, किमतीने मोठी! जानेवारीपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत मी त्या 'मो. गो.' मोजल्या. पंधरा भरल्या. दोनदा मोजल्या, पंधराच.

पंधरा पट्ट्या म्हणजे 150 गोळ्या. 2024 लीप वर्ष, तेव्हा ऑक्टोबर अखेरपर्यंत दिवस 305.

मी काही बोलायच्या आधीच आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय मोजतेस गं एवढं?"

"आत्या, मोठी गोळी तू रोज घेतेस?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "एक दिवसाआड घेते. त्याला काय होतंय? आपल्या गावाला पाणीसुद्धा एक दिवसाआड येतं. कोण तहानेनं मेलंय का?"

यावर काय बोलणार? तिने हे लपवलंय असंही तिला वाटत नव्हतं. तिच्या दृष्टीने ही काटकसर होती, आयुष्यभर केली तशी. साखर जपून, तेल जपून, तशी गोळी जपून. डॉक्टरांना सांगितलं का, तर नाही. "त्यांनी विचारलंच नाही," म्हणाली. आणि ते खरंच होतं. डॉक्टर विचारतात, "गोळ्या चालू आहेत ना?" ती म्हणायची, "हो." एक दिवसाआड म्हणजे चालूच की!

आता यातला धोका बघा. डॉक्टर समजत होते की ही बाई रोज गोळी घेतेय आणि तरी साखर 8.2 आहे, म्हणजे औषध कमी पडतंय. म्हणून पुढची पायरी, इन्सुलिन. त्यांचं तर्कशास्त्र बरोबर होतं, फक्त त्यात घातलेला आकडा निम्मा होता. औषध हरलं की पैसे हरले, हे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. ते कालनिर्णयात दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले आणि माझा कागद त्यांच्यापुढे ठेवला. भला माणूस. त्यांनी कागद दोनदा वाचला, आत्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आजी, हे मला आधी कळायला हवं होतं. तीन महिने रोज घ्या, मग बघू. इन्सुलिन कुठे पळून जात नाही."

राहिला पैशाचा प्रश्न. आम्ही तिघं देतो म्हटलं तर आत्या ऐकेना. 'थोडी मदत' हा शब्द तिला अपमानाचा वाटतो. पण आकडा समोर असला की बोलणं बदलतं, हा अनुभव मला तिथे आला. मी म्हटलं, तीन महिन्यांची मोठी गोळी 5,400 रुपये, चौथ्याची धरली तर 7,200. तिने विचार केला आणि म्हणाली, "द्या. पण कालनिर्णयात लिहीन. देणं म्हणून." आणि लिहिलं. 'भाचरांचे 7,200 देणे.'

फेब्रुवारी 2025 अखेरच्या तपासणीत सरासरी 7.6 आली. चमत्कार नव्हे, पण डॉक्टरांनी इन्सुलिनचा विषय बाजूला ठेवला.

आणि मग मार्चमध्ये जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्याच कर्तबगारीचं नव्हतं. त्या 60 रुपयांच्या गोळीचं पेटंट 11 मार्च 2025 ला संपलं. 1970 च्या कायद्यानुसार आपल्या देशात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हतं, फक्त बनवण्याच्या रीतीवर मिळायचं. त्यामुळेच आपल्या कंपन्या जगातली औषधं वेगळ्या रीतीने बनवून स्वस्तात विकू शकल्या. 1 जानेवारी 2005 पासून पदार्थावरचं पेटंट पुन्हा आलं, अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचं. ती वीस वर्षं या गोळीची त्या मार्चमध्ये भरली आणि थोड्याच दिवसांत अनेक भारतीय कंपन्यांची तीच गोळी बाजारात आली. कुणाची दहा रुपयांना, कुणाची बारा-चौदाला, कुणाची त्याहूनही कमी.

डॉक्टरांनी नवीन चिठ्ठी लिहून दिली. आत्याला मिळाली ती अकरा रुपयांची. 365 ने गुणा: 4,015. एकवीस हजार नऊशेचे चार हजार पंधरा! तोच पदार्थ, तेवढेच मिलिग्रॅम, तीच बाई, तीच साखर.

बाकीच्या चार औषधांसाठी डॉक्टरांना विचारून आम्ही जनऔषधी केंद्र गाठलं. ही योजना 2008 पासूनची आहे, पण आत्याला ते दुकान 'गरिबांचं' वाटायचं, म्हणून ती कधी चढली नव्हती. तिथे 7,615 चे सुमारे तीन हजार झाले. सगळं मिळून, तपासण्या आणि एसटी धरून, वर्षाचा अंदाज 13,200 च्या आसपास आला. शंभरातले वीस रुपये. हेही कमी नाहीत, पण यात माणूस रोज गोळी घेऊ शकतो.

पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. लोकांना वाटतं सात टक्के वाचले. छापील किमतीत कर धरलेला असतो, त्यामुळे 112 रुपयांच्या जागी 105, म्हणजे सव्वासहा टक्के. हिशेबवाल्यांना अशा ठिकाणी राहवत नाही, माफ करा.

मधल्या काळात आत्याच्या हातात आयुष्मान कार्ड आलं. सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना ऑक्टोबर 2024 पासून ते मिळतंय. पाच लाखांचं कार्ड म्हणून शेजारीपाजारी कौतुक झालं. कार्ड चांगलंच आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाचं. घरी बसून रोज घ्यायच्या गोळीला त्यातून पैसा मिळत नाही. आपल्याकडचे बहुतेक आरोग्यविमेही असेच. म्हणजे गोळी एक दिवसाआड घेऊन शेवटी मूत्रपिंड बिघडलं आणि माणूस दाखल झाला, तर पाच लाखांपर्यंतची सोय आहे. तो दाखल होऊ नये म्हणून लागणारे दिवसाचे साठ रुपये ज्याचे त्याने बघायचे. यात कुणाची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. पण बेरीज मांडली की ही गोष्ट डोळ्यात खुपते.

मला विचाराल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे एक आकडा असावा: वर्षाला अंदाजे इतके रुपये. वजन लिहितात, रक्तदाब लिहितात, मग हाही लिहावा. पेशंटच्या प्रकृतीइतकीच त्याची ऐपतही उपचाराला लागते. आणि डॉक्टर लिहीत नसतील तर आपण काढून त्यांच्यापुढे ठेवावा. बहुतेकांना तो बघून राग येत नाही, उलट दुसरा मार्ग सुचतो. फक्त गोळी बदलायची किंवा कमी करायची ती त्यांना विचारूनच. कालनिर्णयाला विचारून नव्हे.

तुमच्या घरी कुणी वडीलधारं असेल तर एक करा. "गोळ्या घेताय ना?" असं विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. गेल्या वर्षात पट्ट्या किती आणल्या ते मोजा आणि दिवसांशी ताडून बघा.

आत्याने आमचं देणं फेडायला सुरुवात केली आहे. पाच हजार आले. नको म्हणायची आमची टाप नाही. गेल्या खेपेला तिनेच मला विचारलं, "आणि कधी इन्सुलिन लागलंच, तर वर्षाला किती गं?" आवाजात भीती नव्हती, चौकशी होती. मग आम्ही दोघींनी बसून तोही अंदाज काढला. साध्या इन्सुलिनच्या बाटलीत 400 युनिट. रात्री 10 युनिट धरले तर चाळीस दिवसांचं. पण उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत टाकून द्यावी लागते, म्हणजे 280 युनिट वापरायचे आणि 120 फेकायचे. वर्षाला बाटल्या तेरा. एक 170 च्या आसपास धरली तर 2,210. आणि रोज एक सिरिंज, सात रुपयांची, म्हणजे 2,555. आत्याने बेरीज बघितली.

"म्हणजे औषधापेक्षा सुईच महाग?"

हो, असंच आहे. मी तिला सांगितलं की ज्यांनी इन्सुलिन शोधलं त्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी 1923 मध्ये त्याचं पेटंट टोरोंटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं होतं. ती म्हणाली, "शहाणी माणसं." आणि 4,765 हा आकडा तिने कालनिर्णयाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. लागला तर असावा म्हणून.